सौर राखीव वीज, घरगुती (खानदेश)

सौर राखीव वीज, घरगुती : महावितरणच्या जोडणीला हात न लावता घरातल्या मोजक्या दिव्या-पंख्यांसाठी पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीत वीज भरणे सांभाळणारा), बॅटरी आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्या उपकरणांजोगी करणारा) यांतून उभा केलेला वेगळा वीजपुरवठा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्याला नुसते ‘सोलर’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. वीजबिल कमी करणारे सोलर आणि लाइट गेल्यावर उपयोगी पडणारे सोलर या दोन निराळ्या वस्तू आहेत.

पहिल्या प्रकारातला संच ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेला असतो. त्याचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनशी ताल जुळवूनच चालतो, त्यामुळे लाइन गेली की तोही क्षणात थांबतो. ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे: दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्याच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा झटका बसू नये. परिणाम असा, की भर दुपारी छतावर ३ किलोवॅटची पॅनेल तळपत असतात आणि खाली माणसे पुठ्ठ्याने वारा घेत बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेचे अनुदान (३ किलोवॅट व त्यापुढे कमाल ७८,००० रुपये) याच प्रकाराला मिळते. ग्रीडशी संबंध नसलेल्या, निव्वळ बॅटरीवरच्या संचाला ते नाही.

तसे पाहिले तर खानदेश वीज बनवणारा मुलूख. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे. तरी लाइट जायची ती जातेच. मे-जूनमधल्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांबरोबर तारा आणि खांबही आडवे होतात. गावठाणापेक्षा जास्त हाल मळ्यातल्या घरांचे. ही घरे बहुधा शेतीच्या वाहिनीवर असतात आणि तिथे वीज कधी दिवसा, कधी रात्री अशा पाळ्यांनी येते. वेगळ्या सौर संचाची खरी गरज या घरांना आहे. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पाडे इतके विखुरलेले, की अनेक घरांत सौर दिवाच पहिली वीज ठरला.

संच किती मोठा हवा, याचा हिशेब बॅटरीपासून मांडावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात. ती टिकवायची तर निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. इन्व्हर्टरची तूट वजा जाता पावणेआठशेच्या आसपास हाती राहतात. साधे ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार दिवे आणि वायफायचा राउटर एवढ्यावर हे चार तासांत संपते. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर सात तास निघतात. म्हणून आधी पंखे बदलावेत, मग बॅटरीचा भाव विचारावा. कुलर दीड-दोनशे वॅट खातो, तो एकटाच बॅटरी चार-पाच तासांत रिकामी करतो. विहिरीवरची ३ अश्वशक्तीची मोटर या हिशेबात बसतच नाही.

अशा एका बॅटरीला साधारण ३३० वॅटचे पॅनेल पुरते. स्वच्छ दिवसाला ते सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. अलीकडे दुकानात ५४० वॅटची मोठी पॅनेल सहज मिळतात, पण ती १२ व्होल्टच्या बॅटरीला स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (जो पॅनेलचा जादा व्होल्टेज वाया घालवतो) जोडली तर जेमतेम पावणेदोनशे वॅट हाती लागतात. त्यांना एमपीपीटी कंट्रोलर (जादा व्होल्टेजही वापरात आणणारा) आणि २४ व्होल्टची, म्हणजे दोन बॅटऱ्यांची जोडणी लागते.

‘वेगळा’ हा शब्द फिटिंगमध्ये अक्षरशः घ्यायचा. राखीव विजेचे दिवे-पंखे आधी निवडायचे, त्यांना स्वतंत्र डीबी (वीज वाटणारी पेटी) द्यायचा, फेजही (वीज आणणारी तार) स्वतंत्र आणि न्यूट्रलही (परतीची तार). घाईत फेज नवी ओढतात आणि न्यूट्रल जुनाच ठेवतात; मग ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडत राहतो आणि दोष बिचाऱ्या सोलरच्या माथी येतो. एकच पंखा दोन्हींवर चालवायचा असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. एका वेळी एकच पुरवठा जोडला जाईल, अशी त्याची रचना असते. इन्व्हर्टरची पिन उलटी भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज फिरवण्याची युक्ती काही ठिकाणी हुशारी समजली जाते. ती जीवघेणी आहे, कारण ती वीज मीटरमधून मागे खांबापर्यंत जाते. पॅनेलकडच्या बाजूला वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते; तिथे डीसीचीच एमसीबी (जादा प्रवाह आला की तोडणारा स्विच) बसवावी. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही आणि साध्या एमसीबीत ठिणगी जळत राहते.

खानदेशात ऊन भरपूर म्हणून पॅनेल मेमध्ये सर्वांत जास्त चालेल, हा समज चुकीचा. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलचे स्वतःचे तापमान २५ अंशांपुढे गेले की दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की पॅनेल ६५ अंशांवर पोचते आणि सातवा हिस्सा तिथेच जातो. फेब्रुवारी-मार्चचे निवळ ऊन अधिक लाभते. उन्हाचा मार बॅटरीला त्याहून जास्त. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीला निम्म्यावर येते, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवू नये. खालची गार, वारा खेळणारी खोली बरी. मात्र देवघर किंवा चुलीजवळ नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पाहावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पाण्याची कटकट नाही, किंमत मात्र जास्त.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून २१ अंशांच्या आसपास कलते बसवतात, कारण या भागाचा अक्षांशही तेवढाच आहे. जुन्या धाब्याच्या घरांत पंचाईत होते. मातीच्या धाब्याला भोक पाडले तर पावसाळ्यात ते गळणार, शिवाय दरवर्षी वर नवी माती टाकताना स्टँड आडवा येतो. तिथे अंगणात लोखंडी खांब उभारून पॅनेल लावणे सोपे, फक्त वादळासाठी पाया काँक्रीटचा करावा. स्लॅबच्या गच्चीवर वेगळीच अडचण: पॅनेल आणि कुरडया-पापड दोघांनाही तेच ऊन हवे असते. दोरीवरच्या एका लुगड्याची सावली काही सेलांवर पडली तरी पॅनेलचे उत्पादन बरेच घटते. धूळ सकाळी लवकर पुसावी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. बोअरचे पाणी जड असल्याने वाळल्यावर पांढरे डाग ठेवते, तेव्हा फडक्याने कोरडे करणे आलेच.