कपाच्या बुडावर न लागणारी धार

सुरी बोथट झाली की कप उलटा करायचा आणि बुडाच्या खरखरीत कडेवर ती चार वेळा घासायची, ही युक्ती घरोघरी चालते. साध्या सुरीचं त्यावर भागतंही. पण हौसेनं एस30व्ही पोलादाचा घडीचा चाकू घेतला असेल, तर कपावर घासून घासून हात दुखतात आणि टोमॅटोची साल काही कापली जात नाही. मग 'पोलादच फार कडक' असं म्हणून खापर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर स्विस आर्मी चाकूचं पातं साधारण 55-56 भरतं, एस30व्हीचं 58 ते 61. दगडानं हात टेकावेत इतका काही हा फरक नाही. खरी मेख पोलादाच्या पोटात आहे. क्रूसिबल या अमेरिकन कंपनीनं 2001 मध्ये आणलेल्या या पोलादात 1.45 टक्के कार्बन, 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असतं. कार्बनचा या धातूंशी संयोग होऊन कार्बाइडचे बारीक कण तयार होतात आणि चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे पोलादात रुतून बसतात. विकर्स या कठीणपणाच्याच दुसऱ्या मापावर भोवतालच्या पोलादाचा आकडा 700च्या आसपास, तर व्हॅनेडियम कार्बाइडचा 2800च्या घरात. धार महिनोन्‌महिने टिकते ती या कणांच्या जिवावर, आणि लावताना छळतात तेही हेच.

आता दगडाकडे बघू. हार्डवेअरच्या दुकानातला करडा कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, त्याच विकर्स मापावर सुमारे 2500. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड 2000च्या आगेमागे. दोन्ही भोवतालचं पोलाद खातात, पण व्हॅनेडियमचे कण त्यांना नीट कापता येत नाहीत. काम होतच नाही असं नाही, पण नवशिक्याचा धीर सुटतो. त्यानं सरळ हिऱ्याची पट्टी घ्यावी. 1954 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा बनला. आज त्याची भुकटी चढवलेल्या पट्ट्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडतात. फक्त जोर लावायचा नाही. हिऱ्याचे कण निकेलच्या पातळ थरात अडकवलेले असतात. दाबलंत तर उपटून येतात. पात्याचं वजन आणि वर हलका हात, एवढं पुरे.

बहुतेकांचं गाडं अडतं ते मात्र कोनावर. पातं 2 सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून सुमारे 6 मिलिमीटर उचलली की एका बाजूचा कोन 17-18 अंश होतो. तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत रचून एकदा अंदाज घ्यावा. मग धारेच्या उताराला, म्हणजे कडेलगतच्या निमुळत्या पट्टीला, काळ्या मार्करनं रंग द्यायचा आणि दोन-चार हात मारून बघायचं. शाई पाठीकडच्या अंगाला पुसली गेली तर पाठ जास्त खाली आहे. फक्त अगदी कडेच्या रेघेवर पुसली गेली तर पाठ फार उचलली आहे. उतारावरून सगळीकडे सारखी गेली की कोन जुळला. कडक पोलाद सावकाश झिजतं, म्हणून लोक कडेपर्यंत पोचण्याआधीच बाजू बदलतात, आणि उतार नुसता चकचकीत होतो.

कडेपर्यंत पोचल्याची खूण म्हणजे कंगोरा. एका बाजूनं घासत गेलं की कडेचं पातळ पोलाद दुसऱ्या बाजूला वळतं. अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेर जाईल असा फिरवला की तो खरखरीत लागतो (धारेच्या लांबीवरून बोट फिरवू नका, कापेल). मुठीपासून टोकापर्यंत सलग कंगोरा आला, की मगच बाजू बदलायची.

हा कंगोरा फसवा असतो. तो उभा राहिला की कागद सर्रकन कापतो, आणि आपण खूश होतो. दोन टोमॅटो कापले की तो आडवा पडतो आणि चाकू पुन्हा बोथट. तो काढायला अगदी हलके, आलटून पालटून एकेका बाजूनं हात मारायचे. नंतर जुन्या चामडी पट्ट्यावर हिऱ्याची पेस्ट लावून, धार मागे ठेवून पातं ओढायचं. दिव्याखाली धार समोर धरली आणि कुठे पांढरी रेघ चमकली, तर तिथे अजून काम बाकी आहे.

आरशासारखी धार करण्याच्या नादाला सुरुवातीला लागू नये, असं माझं मत. दोरी, खोका, टोमॅटो यांना 600 नंबरच्या, म्हणजे मध्यम बारीक कणांच्या, पट्टीवरची किंचित करवती धार उलट जास्त मानवते. आणि फिरत्या चाकावर तर असा चाकू देऊच नका. पातळ कड क्षणात तापते आणि तिथलं पोलाद मऊ पडतं. ठिणग्यांनंतर निळसर डाग दिसला तर तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.