चाक पळतं की टायर?

मराठीत आपण ‘चाक’ म्हणतो तेव्हा रिम, आरे, हब, ट्यूब आणि टायर हे सगळं एका शब्दात येतं. दूध आणायच्या सायकलला तेवढं पुरतं. पण मधल्या किमतीच्या कार्बन रोड बाइकवर पैसे घालायची वेळ आली की हाच शब्द घोळ करतो. ‘चाकं बदलली आणि सायकल उडायला लागली’ असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा चाकांबरोबर टायरही बदललेले असतात. नाव मात्र एकट्या चाकांचं होतं.

माझ्या आत्तेभावाच्या घरात हे मी जवळून पाहिलं. तो इंदूरला रामबागेत राहतो, मी लोकमान्य नगरात. रविवारी पहाटे आम्ही दोघं सुपर कॉरिडॉरवर जातो आणि येताना पोहे-जलेबी खाऊनच घरी शिरतो. त्याची सायकल कार्बन फ्रेमची, शिमानो कंपनीच्या ‘१०५’ नावाच्या गिअरची, पावणेनऊ किलोच्या आसपासची. गेल्या दिवाळीत त्याने कार्बनच्या खोल रिमची, म्हणजे टायरपासून हबच्या दिशेने जास्त उंच रिम असलेली, चाकं घेतली. दुकानदाराने त्यांवर २८ मिलिमीटरचे चांगले, मऊ टायर चढवून दिले. पहिल्याच फेरीनंतर तो म्हणाला, “दादा, ही चाकं नाहीत, जादू आहे. तू पण घेच.”

मी म्हटलं, घेतो, पण आधी एक करू. त्याची मूळची अ‍ॅल्युमिनियमची चाकं माळ्यावर होती. ती उतरवली, नवे टायर त्यांवर चढवले, आणि सायकलबरोबर आलेले जुने टायर कार्बनच्या चाकांवर बसवले. राऊच्या पुढे एक हलका उतार आहे. तिथे मैलाच्या दगडापाशी उभं राहायचं, पाय जमिनीवरून उचलायचे, पेडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सायकल आपसूक थांबेल तिथे खडूने खूण करायची. वारा पडलेला होता. दोन्ही जोड्या प्रत्येकी तीनदा सोडल्या. जुनी चाकं नव्या टायरांवर दर वेळी एका कडुनिंबाच्या पुढे गेली. कार्बनची चाकं जुन्या टायरांवर त्याच्या साठ-सत्तर पावलं अलीकडे थांबली, तिन्ही वेळा. भाऊ बराच वेळ खडूच्या खुणांकडे बघत राहिला.

असं का होतं, ते टायर दाबून बघितलं की हाताला कळतं. जमिनीला टेकलेला टायरचा भाग दर फेरीला चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. चपटा करायला जेवढी ताकद लागते तेवढी रबर परत देत नाही, उरलेली ताकद उष्णता होऊन निघून जाते. टायरची भिंत, म्हणजे बाजूचा भाग, जाड आणि ताठ असेल तर ही गळती जास्त, पातळ आणि लवचीक असेल तर कमी. भावाचा जुना टायर चपलेच्या तळव्यासारखा होता, काठात लोखंडी तार, घडी घालायला गेलं तर उसळून सरळ व्हायचा. नवा टायर खोक्यातून चक्क घडी घातलेला निघाला आणि भिंत दोन बोटांत कापडासारखी चुरगळली. मध्यम किमतीच्या कार्बन बाइकवर कंपनी फ्रेम आणि गिअर दाखवते, कारण गिऱ्हाईक तेच बघतं. पैसे वाचवते ते चाकांत, आणि त्याहून जास्त टायरांत.

आता थोडा हिशोब करू. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. साध्या टायरचा घरंगळण्याचा रोध वजनाच्या ०.००५ पट आणि चांगल्याचा ०.००३ पट धरला, तर ताशी ३० किलोमीटरला पहिला टायर सुमारे ३५ वॉट खातो, दुसरा २१. फरक १४ वॉटचा. रोज सायकल चालवणारा हौशी माणूस तासभर २०० वॉट धरून ठेवू शकला तर खूप झालं. त्यातले १४ वॉट नुसत्या रबराने परत दिले.

आणि चाकाचं वजन? ‘चढावर हलकं चाकच कामाला येतं’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा कागदावर मांडायलाच हवं होतं. जानापावची टेकडी, चंबळेचं उगमस्थान, ८५४ मीटर उंच. इंदूरचा प्रत्येक सायकलवाला तिथे कधी ना कधी धापा टाकत पोहोचलेला असतो. आपण त्या रस्त्याचं मोजमाप न घेता एक सरळ घाट धरू. पाच किलोमीटर लांब, सरासरी ६ टक्के चढ, म्हणजे ३०० मीटरची चढाई. २०० वॉटने वर जायला साधारण तेवीस मिनिटं लागतील. चाकांची जोडी ४०० ग्रॅमने हलकी केली, आणि त्यासाठी माणूस चांगले पैसे मोजतो, तर वाचतात सहा सेकंद. चाकं जुनीच ठेवून वर सांगितलेले टायर बदलले तर वाचतात चाळीसेक सेकंद. चढावर, जिथे वजनाचं राज्य असतं असं आपण म्हणतो, तिथेसुद्धा टायर चाकाच्या सहा-सात पट पुढे. हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी दोनदा बेरीज तपासली. चूक नव्हती. टायरची जोडी चाकांच्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त असते, हे मी हिशोबात धरलेलंच नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं, की फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. रिमच्या काठावरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग वाढवताना ते जवळजवळ दुप्पट भरतं. एकसारख्या वेगाने चढताना तसं काही नसतं. तिथे ४०० ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅमच, मग ते रिममध्ये असोत की पाण्याच्या बाटलीत. वेग वाढवतानाही ८०० ग्रॅम हे ८५ किलोच्या एक टक्क्याहून कमीच. हलक्या चाकाने सायकल चटकन उठते असं वाटतं, ते वाटणं खोटं नाही, त्यात आनंदही आहे. पण ते घड्याळात फारसं उतरत नाही.

म्हणजे कार्बनची चाकं फुकट गेली का? मुळीच नाही. चाकाचं खरं काम वजनात नाही, हवेत आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला लागणारी ताकद घनाने. सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर कोणी एकटा ताशी ३५-३८ धरून ठेवत असेल, तर ४५-५० मिलिमीटर खोलीची रिम त्याला खरोखरच काही वॉट मिळवून देते. पुढच्याच्या आडोशाला बसून जाणाऱ्याला ती कमी देते, पंचविसाने फिरणाऱ्याला आणखी कमी. आणि आडवा वारा सुटला की हलक्या माणसाच्या हातात पुढचं चाक ओढ घेतं, तेव्हा तीच खोली डोक्याला ताप होते. खोल रिमचा हवेतला फायदा पूर्ण मिळायचा तर रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा थोडी जास्त, साधारण १०५ टक्के असावी असा अंदाज वापरतात. अरुंद रिमवर फुगलेला टायर बसवला की वाहती हवा काठावर रिमपासून सुटते. इथे चाक आणि टायर वेगळे निवडताच येत नाहीत.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे म्हणून सावकाश सांगतो. डिस्क ब्रेक नसलेल्या, रिमवर ब्रेक दाबणाऱ्या सायकलला कार्बनची चाकं लावायची असतील तर खंडवा रोडचा भेरू घाट आठवा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता लवकर सोडतं, कार्बन धरून ठेवतं. अशा चाकात लेटेक्सची, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराची, ट्यूब कधीही घालू नये, ती उष्णता सहन करत नाही. ब्रेकचे रबरही कार्बनसाठीचेच हवेत. पावसात अशी रिम उशिरा पकडते. त्यामुळे रिम ब्रेकवाल्याने चाकांत पैसे घालण्याआधी चार वेळा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

टायर घेताना त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचायचं. २८-६२२ मधला पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो त्या गोलाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड बाइकला बहुतेक ६२२च. २८ बसेल की २५, हे फ्रेमच्या आणि पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या मोकळ्या जागेवर ठरतं, म्हणून आधी जागा मोजा. ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणजे ट्यूब न घालता चालवता येईल एवढंच. त्यासाठी रिमही तशीच हवी, आतून टेप आणि भोकं बुजवणारं सीलंट लागतं. कॉन्टिनेन्टलचा ग्रां प्री ५००० हा २०१८ साली आलेला टायर आज बऱ्याच लोकांच्या सायकलींवर दिसतो, व्हिटोरियाचा कोर्साही. नावापेक्षा लवचीक भिंत महत्त्वाची. मात्र अशी भिंत कापलीही लवकर जाते. माळव्यातल्या रस्त्यांच्या कडेला बेसाल्टची टोकदार गिट्टी पसरलेली असते, म्हणून दर आठवड्याला टायर फिरवून बारीक खडे सुईने काढायचे. मी ते शनिवारी रात्री करतो.

ट्यूबमध्येही थोडं मिळतं. लेटेक्स किंवा टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) ट्यूब नेहमीच्या ब्युटिल रबराच्या ट्यूबपेक्षा कमी ताकद खाते, पण लेटेक्समधली हवा रात्रीत उतरते, रोज भरावी लागते.

राहिली हवा, जी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाते. पूर्वी २३च्या टायरमध्ये १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून टणक करायची पद्धत होती. खडबडीत डांबरावर असा टायर उसळत राहतो, आणि हादरे अंगात जिरवताना ताकद जाते. २८च्या टायरवर मी, ७२ किलोचा माणूस, मागे ७५ आणि पुढे ७० ठेवतो. मागे जास्त, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो. टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड (हुक) काठाला नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिमवर ७२.५ पीएसआयच्या वर जायचं नाही, ती मर्यादा ठरलेली आहे. मे महिन्यात पहाटे २५ अंशाला भरलेली ८० पीएसआय हवा दुपारी ४५ अंशाच्या उन्हात ८६च्या आसपास जाते, हेही लक्षात ठेवायचं.

चाकं घ्यायचीच ठरली तर अ‍ॅक्सल (चाकाचा आस), ब्रेकची डिस्क बसायची पद्धत आणि कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, चढणारा फ्रीहब या तीन गोष्टी जुळतात का ते दुकानात सायकल नेऊनच बघा. फोनवर विचारून घेऊ नका.

उताराच्या त्या रविवारनंतर आम्ही टायर पुन्हा जागच्या जागी बसवायला ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने जुन्या चाकाचा आउट काढला, म्हणजे डगमग सरळ केली, हब हातात धरून फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाला, “चक्का तो इसका भी बढ़िया है भिया, टायर ही खराब थे.” भावाने तिथेच त्या चाकांसाठी चांगल्या टायरची दुसरी जोडी सांगितली. पावसाळ्यात तो तीच वापरतो, आणि मी अजून चाकं घेतलेली नाहीत.