बॉम्ब नव्हताच, मग गुन्हा कसला?

कॉलेजच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: बॉम्ब ठेवल्याचा फोन मस्करीत केला आणि झडतीत काहीच सापडलं नाही, तर पोलीस दम देऊन सोडून देतात.

असं वाटणं साहजिक आहे. गुन्हा म्हणजे झालेलं नुकसान, असंच आपण धरून चालतो. पण इथे शिक्षा धमकीलाच आहे. फोन घेणाऱ्याला तो खरा की खोटा हे कळायला मार्ग नसतो. फलाट रिकामा करतात, श्वानपथकाचा कुत्रा बेवारस पिशवी हुंगतो, गाड्या खोळंबतात. बॉम्ब खोटा, घबराट मात्र खरी.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ पाहा. जिवे मारण्याच्या धमकीला ७ वर्षांपर्यंत कैद. नाव लपवून धमकी दिली, तर वर आणखी २ वर्षांपर्यंत. म्हणजे दुसऱ्याच्या सिमवरून फोन करण्याची हुशारी उलट अंगाशीच येते! घबराट पसरवणाऱ्या खोट्या मजकुरासाठी कलम ३५३ वेगळं, ३ वर्षांपर्यंत.

विमानाचं प्रकरण सगळ्यात जड. खोटी आहे हे माहीत असताना माहिती देऊन उडत्या विमानाची सुरक्षितता धोक्यात आणली, तर नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठीच्या १९८२ च्या कायद्यात जन्मठेप आहे. ‘खोटी माहिती’ हे शब्द कलमातच आहेत.

पडताळायचं असेल तर सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर हे कायदे फुकट वाचता येतात. आधी कायदा शोधायचा, मग त्यातलं कलम उघडायचं.