नार्कोलेप्सी: ‘आळशी’ म्हटल्या गेलेल्या आजाराचा शोध

फ्रेंच डॉक्टर जाँ-बाप्तिस्त-एदुआर जेलिनो यांनी १८८० मध्ये ३८ वर्षांच्या एका व्यापाऱ्याची हकिगत प्रसिद्ध केली. वाइनची पिंपं विकणारा हा माणूस दिवसातून कितीतरी वेळा अनावर झोपी जाई. खदखदून हसला किंवा एखादा सौदा मनासारखा जुळताना दिसला, की त्याचे पाय लुळे पडत. जेलिनोंनी या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव दिलं. त्याआधी १८७७ मध्ये जर्मनीत कार्ल वेस्टफाल यांनीही असा रुग्ण नोंदवला होता.

लक्षणं इतकी नेमकी टिपली गेली, पण कारण सापडायला आणखी १२० वर्षं गेली. मनोविश्लेषणाचा जोर होता तेव्हा काही डॉक्टरांनी ही झोप म्हणजे नकोशा भावनांपासून काढलेला पळ आहे, असा अर्थ लावला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मेंदूकडे बोट दाखवणारा पुरावा तेव्हाही समोर होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. तिच्यात दगावलेल्यांचे मेंदू व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी तपासले. सतत झोपून राहणाऱ्या रुग्णांत हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या मागच्या बाजूला इजा झालेली त्यांना दिसली. नार्कोलेप्सीचं मूळही तिथेच असावं, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला, पण तोवर रुग्णांच्या दोन-तीन पिढ्या बोलणी खात राहिल्या.

१९५३ मध्ये शिकागोत यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी रेम झोपेचा शोध जाहीर केला. या झोपेत डोळे भराभर हलतात, ठळक स्वप्नं पडतात आणि हातापायांचे स्नायू पूर्ण सैल पडतात. एरवी झोप लागल्यावर साधारण तासा-दीड तासाने ही अवस्था येते. नार्कोलेप्सीचा रुग्ण मात्र काही मिनिटांतच थेट तिच्यात शिरू शकतो, हे १९६० मध्ये जेराल्ड व्होगेल यांनी दाखवलं. मग सुटी सुटी वाटणारी लक्षणं एका धाग्यात आली. जागेपणी, शुद्ध असतानाच स्नायूंचं बळ जातं ती कॅटाप्लेक्सी. झोपताना किंवा उठताना शरीर हलेनासं होतं आणि खोलीत कुणीतरी उभं असल्याचा भास होतो, तोही रेम झोपेचाच तुकडा. तो वेळ चुकवून जागेपणात घुसलेला असतो. रात्रीची झोपही सलग राहत नाही. म्हणूनच ‘रात्री लवकर झोपत जा’ हा सल्ला इथे कामाचा नाही.

शेवटचा दुवा कुत्र्यांनी दिला. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७०च्या दशकात नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन आणि लॅब्राडोर सांभाळायला सुरुवात केली. आवडता खाऊ पुढे येताच ही कुत्री आनंदाने कोसळत. आजार आनुवंशिक होता. इमॅन्युएल मिन्यो यांचा गट दहाएक वर्षं त्याचं जनुक शोधत राहिला आणि १९९९ मध्ये ते सापडलं: ओरेक्सिन या जागं ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहीचं, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनाचं, जनुक. हे रसायन जेमतेम वर्षापूर्वी दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं होतं. एका गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटलं, दुसऱ्याने ओरेक्सिन. त्याच १९९९ मध्ये मासाशी यानागिसावा यांच्या प्रयोगशाळेत ओरेक्सिन नसलेले उंदीरही तसेच अचानक कोसळताना दिसले. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी पोचल्या.

माणसांचं उत्तर २०००मध्ये मिळालं, आणि ते कुत्र्यांपेक्षा वेगळं निघालं. बहुतेक रुग्णांत जनुक बिघडलेलं नसतं. हायपोथॅलॅमसमधल्या ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत त्या ८५ ते ९५ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या.

त्या कोण नष्ट करतं? संशय शरीराच्याच प्रतिकारशक्तीवर आहे. १९८०च्या दशकात जपानमध्ये युताका होंडा आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा एका विशिष्ट एचएलए प्रकाराशी (आपलं-परकं ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या, पेशींवरच्या प्रथिनांच्या एका प्रकाराशी) घट्ट संबंध दाखवला होता. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर स्वीडन आणि फिनलंडमध्ये पँडेमरिक्स ही लस घेतलेल्या मुलांत रुग्ण वाढले, तर चीनमध्ये वाढ मुख्यतः फ्लूच्या संसर्गाशी जोडलेली दिसली. म्हणजे ठपका सगळ्या लसींवर ठेवता येत नाही.

गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. मोडॅफिनिल जागं राहायला मदत करतं. रात्री घ्यायचं सोडियम ऑक्सिबेट झोप सलग करतं आणि कॅटाप्लेक्सी कमी करतं. आता ओरेक्सिनच्या ग्राहीवर थेट काम करणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या चालू आहेत. यकृताच्या त्रासामुळे त्यातलं एक औषध २०२१ मध्ये थांबवावं लागलं, पण त्यानंतरच्या ओव्हेपोरेक्सटनचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत.

हा आजार साधारण दोन हजारांत एकाला होतो. तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, पण निदानाला अनेकदा आठ-दहा वर्षं लागतात. ती वर्षं ‘लक्ष नाही’, ‘मन लावत नाही’ हे ऐकण्यात जातात आणि मला तीच या आजाराची सर्वांत मोठी हानी वाटते. निदानासाठी रात्रभराच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला सांगून किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. दिवसा पंधरा-वीस मिनिटांची ठरलेली डुलकी पुष्कळांना ताजंतवानं करते. तेवढी सवड शाळेने आणि कचेरीने द्यायलाच हवी. वाहन चालवायचं की नाही, हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. आणि कॅटाप्लेक्सीत कुणी खाली बसलं, तर त्याला हलवून उठवू नका, डोक्याला मार लागणार नाही एवढं पाहा. तुमचं बोलणं त्याला ऐकू येत असतं, आणि झटका बहुधा दोन मिनिटांच्या आत ओसरतो.