निगेटिव्हच्या कडेवरचा आकडा

३५ मिमी निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरली की छिद्रांच्या बाहेर, अगदी काठावर बारीक आकडे दिसतात: २२, २२ए, २३, २३ए. ते कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात आणि रोल धुतला की चित्राबरोबर वर येतात. जुने फोटो स्कॅन करायला बसलेल्याने आधी हे आकडे वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.

काचेच्या निगेटिव्हच्या काळात प्रत्येक चित्राची काच वेगळी, म्हणून प्रत्येकीला स्वतःचा नंबर. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढणारे राजा दीनदयाळ यांच्या कित्येक छायाचित्रांत हा नंबर कोपऱ्यात दिसतो. १९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि एकाच पट्टीवर ३६ चित्रं मावू लागली. आता नंबर दोन लागले, एक रोलचा आणि एक फ्रेमचा. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पाकिटात ठेवायच्या आणि सगळा रोल एकाच कागदावर छापून कॉन्टॅक्ट शीट सोबत लावायची, ही पद्धत त्यातूनच रुळली. आपल्याकडे रोल धुवायला टाकणाऱ्यांनाही ती अंगवळणी पडली होती. लग्नानंतर पाकीट घेऊन स्टुडिओत जायचं आणि सांगायचं, ‘२३ नंबरच्या तीन कॉप्या काढा.’

जपणुकीचा इतिहास मात्र आगीपासून सुरू होतो. सुरुवातीची लवचिक फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, नायट्रेटची जुनी रिळं जळाली. ती हळहळ अजून ओसरलेली नाही.

१९४८ मध्ये आलेली ट्रायअॅसिटेट फिल्म सुरक्षित म्हणून स्वीकारली गेली. पण दहा वर्षांच्या आत तिच्या बिघाडाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडून! इथल्या उष्ण, दमट हवेत फिल्ममधून अॅसिटिक आम्ल सुटत होतं. डबा उघडताच येणारा व्हिनेगरसारखा आंबूस वास तो हाच. सुटलेलं आम्ल बिघाड आणखी वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही बाधतं. त्यामुळे असा वास आला की ती पट्टी ताबडतोब वेगळी काढायची, आणि स्कॅनच्या रांगेत तिचाच नंबर पहिला लावायचा.

स्कॅनर घरोघरी आले आणि तिथेच साखळी तुटली. मशीनने प्रत्येक चित्राला ‘इमेज ००१’ असं नाव दिलं; रोल कुठला, फ्रेम कुठली, काही कळेना. ४००० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ४००० बिंदू टिपले तर, एका फ्रेममधून सुमारे २.१ कोटी पिक्सेल मिळतात. १६ बिट रंगीत टिफ, म्हणजे चित्रातलं काही न गाळणारी फाइल, ठेवली तर एकेक फाइल १२८ एमबीच्या आसपास जाते. एवढी मोठी फाइल हातात असूनही तिची पट्टी सापडत नसेल, तर पुढे चांगल्या स्कॅनरवर पुन्हा स्कॅन करायचं कशावरून? माझ्या फाइलचं नाव ‘१९९४_रोल०७_२३ए’ असं असतं आणि पाकिटावरही, पट्टी आत घालण्याआधी, पेन्सिलीने १९९४, रोल ०७ लिहिलेलं असतं.