कोर्ट फी आणि कोर्टाचा दंड: भरलेला पैसा जातो कुठे?

‘कोर्टात पैसे भरून आलो’ असं कुणी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘का, दंड झाला?’ बऱ्याचदा दंड झालेलाच नसतो. माणसाने दावा लावलेला असतो आणि त्याची कोर्ट फी भरलेली असते. दोन्ही पैसे एकाच इमारतीत भरले जातात, दोन्हींच्या कागदावर न्यायालयाचाच शिक्का असतो, त्यामुळे लोक दोन्हींची गल्लत करतात. त्यातून दोन समज पक्के होऊन बसले आहेत. एक, हा पैसा न्यायालयाला मिळतो. दोन, दंडाची रक्कम ज्याचं नुकसान झालं त्याला मिळते. पहिला समज साफ चुकीचा आहे. दुसरा कधी खरा, कधी खोटा, आणि तो कधी खरा ठरतो हेच खरं तर माहीत असायला हवं.

आधी फी. कोर्ट फी म्हणजे न्यायालयाचं दार उघडण्यासाठी भरायचं शुल्क. तुमचा काही गुन्हा नसतो. उलट बहुतेक वेळा अन्याय तुमच्यावरच झालेला असतो आणि तरी आधी खिशात हात तुम्हीच घालता. हे शुल्क ठरवायचा अधिकार राज्याचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, तिसऱ्या नोंदीत, सर्वोच्च न्यायालय वगळून बाकी सर्व न्यायालयांत घ्यायचं शुल्क हा विषय राज्यांकडे दिला आहे. आपल्याकडचा कायदा १९५९चा. तो मुंबई न्यायालय फी अधिनियम म्हणून आला, पुढे त्याच्या नावात महाराष्ट्र आलं. पैशाच्या दाव्यात फी दाव्याच्या रकमेप्रमाणे चढत जाते, पण तिला वरची मर्यादा आहे. ती बरीच वर्षं ३ लाख रुपये होती. १६ जानेवारी २०१८ पासून १० लाख झाली. म्हणजे वाद १० कोटींचा असो की १०० कोटींचा, वादी फी म्हणून १० लाखांपेक्षा जास्त भरत नाही. गंमत अशी की याचा सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मोठ्या दाव्यांना होतो. मधल्या माणसाला, म्हणजे पाच-दहा लाखांच्या येण्यासाठी भांडणाऱ्याला, त्या मर्यादेचा काडीचा उपयोग नाही.

सूटही राज्यच देतं. १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. हे अजूनही कित्येक जणींना माहीत नसतं. ज्याच्याकडे फी भरण्यापुरतीही ऐपत नाही त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३खाली फी न भरता दावा लावता येतो. मात्र तो जिंकला तर सरकार आपली फी त्या दाव्याच्या मालमत्तेतून सर्वांत आधी वसूल करतं.

आता एक वकीलपत्र हातात घ्या. त्यावर दोन तिकिटं शेजारी शेजारी चिकटवलेली दिसतील. एक कोर्ट फी स्टॅम्प, दुसरा वेल्फेअर स्टॅम्प. आकार जवळपास सारखा आणि दोन्हींचे पैसे पक्षकाराच्याच खिशातून गेलेले. कोर्ट फी स्टॅम्पचा पैसा राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. वेल्फेअर स्टॅम्पचा पैसा सरकारकडे जात नाहीच. १९८१च्या महाराष्ट्राच्या वकील कल्याण निधी कायद्याखाली उभ्या केलेल्या निधीत तो जातो आणि वकिलांच्या कल्याणासाठी वापरला जातो. कागद दाखल झाला की कारकून कोर्ट फी स्टॅम्पला पंच मारून भोक पाडतो, म्हणजे तोच स्टॅम्प पुन्हा दुसऱ्या अर्जावर चिकटवता येत नाही. हल्ली ई-पेमेंट आणि ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीमुळे बराचसा व्यवहार पडद्यावर होतो, पण पैशाचा रस्ता तोच.

तो रस्ता थेट राज्याच्या एकत्रित निधीकडे जातो. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च एकत्रित निधीवर भारित असेल, म्हणजे मतदानाशिवाय त्यातून दिला जाईल, आणि न्यायालयाने घेतलेली फी व इतर पैसा त्याच निधीचा भाग होईल, असं घटनेच्या अनुच्छेद २२९(३)मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं उघडलीत तर स्टॅम्पच्या रूपाने जमलेली कोर्ट फी ००३० या मुद्रांक व नोंदणी शुल्काच्या मुख्य शीर्षाखाली सापडते. दंड सापडतात ००७० खाली, न्यायदान या उपशीर्षात, ‘दंड व जप्ती’ म्हणून. दोघांची खाती वेगळी, तिजोरी एक. त्या तिजोरीतून न्यायालयांना किती द्यायचं हे विधानमंडळासमोरच्या अर्थसंकल्पात ठरतं. तालुक्याच्या न्यायालयात यंदा फी दुप्पट जमली म्हणून तिथल्या पक्षकारांना बसायला चार बाकडी जास्त मिळाली, असं होत नाही.

मग ही फी की कर, असा प्रश्न पडणारच. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. झेनिथ लॅम्प्स प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की कोर्ट फी हा कर नव्हे, ती शुल्कच आहे, म्हणून तिचा आणि दिवाणी न्यायदानाच्या खर्चाचा काही ना काही संबंध असायला हवा. पुढे श्रीरामुलू प्रकरणात हा संबंध पै-पैचा असण्याची गरज नाही असं स्पष्ट झालं. कायद्यात हे बसतं, हे मान्य. पण मर्यादा तिपटीहून जास्त वाढवताना त्या वाढीतलं किती दिवाणी न्यायालयांवर खर्च होईल हे कायद्यातच लिहिलं असतं तर पक्षकाराला निदान विचारता आलं असतं. आज तो विचारू शकत नाही.

आता दंड. दंड ही शिक्षा. गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायाधीश तो सुनावतात, आणि न भरल्यास किती दिवसांची कैद हे त्याच आदेशात लिहितात. आरोपी निकालाच्या दिवशीच पैसे भरतो, पावती घेतो आणि सुटतो. ‘कोर्ट उठेपर्यंत’ची शिक्षा आणि दंड अशी जोडी असली, वकिलांच्या भाषेत टीआरसी, तर संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून मग घरी. कोर्ट फीला राज्याचा कायदा, तर दंडाला मुख्यतः केंद्राचे कायदे: भारतीय न्याय संहिता, चेक बाउन्सचा कायदा, असे. पण वसूल झालेला दंड राज्याच्याच तिजोरीत पडतो, जोवर न्यायाधीश वेगळं काही लिहीत नाहीत.

खरी गोम या ‘वेगळं काही’मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५, न्यायाधीशाला सांगतं की वसूल झालेला दंड पूर्ण किंवा अंशतः खटल्याचा खर्च भागवायला, गुन्ह्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायला, मृत्यूच्या प्रकरणात वारसांना द्यायला किंवा चोरीचा माल प्रामाणिकपणे विकत घेतलेल्याला तो माल परत करावा लागल्यास त्याचं नुकसान भरून द्यायला वापरता येईल. हे आपोआप होत नाही. आदेशात तसं एक वाक्य हवं. ते नसेल तर पैसा सरकारजमा.

चेकच्या केसमध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. समजा ५ लाखांचा चेक वटला नाही. चेक बाउन्सच्या कायद्याच्या कलम १३८खाली चेकच्या दुपटीपर्यंत, म्हणजे १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायाधीशाने ‘६ लाख रुपये दंड’ एवढंच लिहून सही केली तर ६ लाख सरकारला, आणि ज्याचे ५ लाख बुडाले तो फिर्यादी हात हलवत घरी. म्हणून सहसा आदेश असा असतो: दंड ६ लाख, त्यातले ५ लाख ९० हजार फिर्यादीला भरपाई म्हणून, उरलेले १० हजार सरकारला. दुसरी वाट म्हणजे दंड न लावता कलम ३९५च्या तिसऱ्या पोटकलमाखाली थेट भरपाईचा आदेश. तेव्हा सरकारकडे काहीच जात नाही. चेकच्या केसमध्ये दंडाचा उपयोग मुख्यतः भरपाईसाठी व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये एका निकालात स्पष्ट बोलून दाखवलं आहे.

यातही एक पाचर आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालंच तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दंडातून भरपाई देता येत नाही. फिर्यादीला ‘मिळाले’ म्हणून सांगितलेले पैसे वर्षानुवर्षं अडकून पडतात ते इथे. काही गुन्ह्यांत मात्र कायद्याने न्यायाधीशाच्या हातात पर्यायच ठेवलेला नाही. सामूहिक बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रकरणातला दंड पीडितेलाच द्यायचा, असं कलमातच लिहिलं आहे.

परताव्याच्या बाबतीतही दोघांच्या वाटा वेगळ्या. कोर्ट फी भरून दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला तर फी परत मिळते. न्यायालय दाखला देतं आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून येतात. दावा लढून जिंकलात तर फी सरकार परत करत नाही, ती खर्चाच्या हिशोबात धरून हरलेल्याकडून मागता येते. दंडाला तडजोडीने परतावा नाही. तो परत येतो अपिलात शिक्षा रद्द झाली तर.

वर्तमानपत्रं या गोंधळात तेल ओततात. जून २०२१मध्ये ५जीविरुद्धच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेत्री जुही चावला आणि सहकाऱ्यांना २० लाख भरायला सांगितले आणि ‘२० लाखांचा दंड’ ही बातमी सगळीकडे झाली. तो दंड नव्हता. ते ‘कॉस्ट्स’ होते, म्हणजे खर्च. गुन्हा नाही, शिक्षा नाही. न्यायालयाचा वेळ घेतल्याबद्दल दिलेला फटका. म्हणूनच तो पैसा तिजोरीत न जाता दिल्लीच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे, रस्ते अपघातग्रस्तांसाठी, द्यायला सांगितला होता. कमी भरलेली कोर्ट फी भरण्याचा आदेशही त्याच निकालात होता. पुढे जानेवारी २०२२मध्ये खंडपीठाने ती रक्कम २ लाखांवर आणली. उलट ऑगस्ट २०२०मध्ये वकील प्रशांत भूषण यांना न्यायालयाच्या अवमानासाठी झालेला १ रुपया हा अस्सल दंड होता: न भरल्यास तीन महिने कैद, असं आदेशात होतं. रकमेवरून नव्हे, ‘न भरल्यास कैद’ आहे की नाही यावरून ओळखायचं.

ट्रॅफिकचं ई-चलनही तसंच. पोलिसाकडे भरता ते मोटार वाहन कायद्याच्या कलम २००खालचं तडजोड शुल्क. प्रकरण न्यायालयात जाऊन दोष ठरला तरच त्याचा दंड होतो. जामिनासाठी भरलेली रोख तर फीही नाही आणि दंडही नाही; अनुच्छेद २८४प्रमाणे ती लोकलेख्यात, दुसऱ्याचा पैसा म्हणून, नुसती सांभाळायची. आरोपी फरार झाला आणि जामीन जप्त झाला की तीच रक्कम सरकारची होते.

फी आणि दंड यांतली रेघ पुसट झाली की काय होतं ते अमेरिकेत बघायला मिळतं. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या घटनेत, नवव्या अनुच्छेदात, फौजदारी दंडाचा निव्वळ पैसा ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, वसूल झाला तिथल्या सरकारी शाळांनाच द्यायचा असं लिहिलं आहे. ‘कोर्ट कॉस्ट’वर मात्र ते बंधन नाही, तो पैसा विधिमंडळ हवा तिथे वाटतं. मग विधिमंडळाला मोह होणारच. गाडीच्या सदोष भागांच्या गुन्ह्यांवर ५० डॉलरची जादा ‘कॉस्ट’ लावून तो पैसा तुरुंगखर्चाकडे वळवला गेला. रिचमंड काउंटीचं शिक्षण मंडळ न्यायालयात गेलं, आणि २०१५मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की ही रक्कम नावाने कॉस्ट असली तरी स्वरूपाने शिक्षा आहे, म्हणून शाळांची. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की खर्च होऊन गेलेला पैसा परत द्यायला आम्ही विधिमंडळाला भाग पाडू शकत नाही. मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये तर शहराच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग दंडांवर उभा होता. २०१५च्या केंद्रीय न्याय विभागाच्या अहवालाने ते जगासमोर आणलं.

आपल्याकडे सगळं एकाच तिजोरीत ओतलं जातं याची चीड येते खरी, पण निदान दंड ठोठावणाऱ्या न्यायाधीशाच्या न्यायालयाला त्यातून पै मिळत नाही, हे चांगलंच आहे.

राहता राहिली फिर्यादीची बाजू. दर फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं आणि ती दिली किंवा नाकारली तर त्याची कारणं लिहिणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. २०१३मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलं आहे. तेव्हा तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर शिक्षेवरच्या युक्तिवादाच्या वेळीच सरकारी वकिलांना गाठा, औषधोपचाराची बिलं, बुडालेल्या मजुरीचा हिशोब हातात ठेवा आणि कलम ३९५चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. निकालाची प्रत मिळाली की सगळ्यात आधी शेवटचा परिच्छेद वाचा: ‘दंडाच्या रकमेपैकी’ अशी सुरुवात असलेलं वाक्य तिथे नसेल तर अपिलाची मुदत मोजायला लागा.