'भूक'मागची क्रिस्तियानिया

नोव्हेंबर १८८८ मध्ये कोपनहेगनच्या एका मासिकात लेखकाच्या नावाशिवाय एक लांबलचक मजकूर छापून आला. नॉर्वेच्या राजधानीत, क्रिस्तियानियात (आजच्या ऑस्लोत), एक तरुण लेखक उपाशीपोटी भटकतो आणि भुकेने त्याचं डोकं ताळ्यावर राहत नाही, एवढंच त्यात घडत होतं. हे लिहिलंय कोणी, याची साहित्य वर्तुळात कुजबुज सुरू झाली. नाव फार काळ लपलं नाही: क्नूट हामसून, वय वर्षं २९. १८९० साली त्याचीच पूर्ण कादंबरी झाली, 'सुल्ट', म्हणजे 'भूक'.

उपासमार त्याने लहानपणीच पाहिली होती. जन्म १८५९ चा, बाप शिंपीकाम आणि शेती करणारा. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब उत्तरेला, आर्क्टिक वृत्तापलीकडच्या हामारोयला गेलं. नवव्या वर्षी त्याला मामाकडे कामाला ठेवण्यात आलं. मामाचं घर म्हटल्यावर आपल्याला जे जे आठवतं, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. मामा मारायचा आणि पोटभर खायलाही द्यायचा नाही. १८७४ मध्ये तिथून सुटका झाल्यावर दुकानातली नोकरी, फेरीचा धंदा, चांभाराकडे उमेदवारी, मास्तरकी असं बरंच काही करून झालं.

मग एका धनिक व्यापाऱ्याने लिहिण्यासाठी पैसे दिले. ते हस्तलिखित १८७९ मध्ये कोपनहेगनच्या बड्या प्रकाशनसंस्थेने, ग्युल्देन्दालने, नाकारलं. त्यानंतरचा हिवाळा क्रिस्तियानियात गेला, अर्धपोटी. पुढे अमेरिका, आजारपण, परत नॉर्वे आणि १८८५-८६ चा आणखी एक तसाच हिवाळा. पुन्हा अमेरिका गाठून शिकागोत ट्रामचा कंडक्टर म्हणूनही त्याने काम केलं. १८८८ च्या उन्हाळ्यात तो परतला तेव्हा बोट क्रिस्तियानियाच्या बंदरात थांबली. हा मात्र खाली उतरलाच नाही. कादंबरीची सुरुवात त्याच मुक्कामात बोटीवर सुचली, असं सांगतात. कोपनहेगनला पोचून त्याने ती पानं 'पोलितिकेन' या वर्तमानपत्राचे संपादक एडवर्ड ब्रांडेस यांच्यापुढे ठेवली. मजकूर वर्तमानपत्रासाठी फारच मोठा होता. पण समोरच्या माणसाची अवस्था ब्रांडेसना पाहवेना. नंतर त्यांनी त्याला दहा क्रोनरची नोट पाठवून दिली आणि लेखन मासिकाकडे धाडलं.

इथवर ही गरिबीची कहाणी आहे. पण कादंबरी गरिबीच्या कैवाराने लिहिलेली नाही, आणि मला तिचं खरं वेगळेपण तिथेच दिसतं. साहित्याने सामाजिक प्रश्न चर्चेला घ्यावेत, असं एडवर्ड यांचे थोरले बंधू, समीक्षक गेओर्ग ब्रांडेस, १८७१ पासून बजावत आले होते. त्या वातावरणात लेखक सरकारशीही भिडत होते; क्रिस्तियानियातल्या बोहेमियन, म्हणजे रूढी झुगारून जगणाऱ्यांच्या, जीवनावरची हान्स येगरची कादंबरी १८८५ मध्ये जप्त झाली आणि येगरला तुरुंगात जावं लागलं. 'भूक'मध्ये मात्र जुलमी मालक नाही, सावकार नाही, जाब विचारावा असं कोणीच नाही. निनावी नायकाचा सगळा झगडा स्वतःच्याच डोक्याशी.

एका भिकाऱ्याला पैसे देता यावेत म्हणून तो अंगातलं वेस्टकोट गहाण टाकतो. मग आठवतं, लिहायची पेन्सिल त्याच्याच खिशात राहिली. ती मागायला परत गेल्यावर दुकानदारासमोर तो थाप मारतो की याच पेन्सिलीने आपण तत्त्वज्ञानावरचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या एका रात्री डोक्यावर छप्पर हवं म्हणून तो पोलिसांकडे जातो आणि किल्ली हरवलेला पत्रकार असल्याचं सांगतो. सकाळी बेघर लोकांना जेवणाची कुपनं वाटली जातात. याला मिळत नाही. प्रतिष्ठित गृहस्थाला फुकटचं जेवण कशाला!

गेओर्ग ब्रांडेस यांना पुस्तक एकसुरी वाटलं. हामसूनने त्यांना कळवलं की याला कादंबरी समजूच नये. १८९० मध्येच एका लेखात त्याने मनाच्या अबोध हालचालींचं साहित्य हवं, अशी मागणी केली. १८९१ च्या व्याख्यानांत तर त्याने थेट नॉर्वेचे थोर नाटककार इब्सेन यांच्यावर तोफ डागली, आणि क्रिस्तियानियातल्या व्याख्यानाला साक्षात इब्सेन पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

नोबेल मिळालं ते १९२० मध्ये, वेगळ्याच कादंबरीसाठी. नंतरचा इतिहास काळा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश व्यापलेला असताना हामसूनने नाझींची बाजू घेतली, १९४३ मध्ये नोबेलचं पदक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला भेट दिलं आणि मे १९४५ मध्ये हिटलरवर गौरवपर मृत्युलेख लिहिला. उपाशी माणसाचं मन इतकं जाणणारा लेखक असा कसा, असं वाचक हळहळतात. पण दुबळ्यांची बाजू घेण्याचं वचन त्या पुस्तकाने कधी दिलंच नव्हतं. युद्धानंतर डॉक्टरांनी त्याची मानसिक तपासणी केली. पुढे खटला चालला आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सव्वातीन लाख क्रोनर भरायला लावले.